दादानं फादरांना बोलवायला सांगितलं

माझ्या मोठ्या भावाचं मेल्यानंतर काय होणार, हा प्रश्न मी चार महिने मनात घेऊन वावरत होते आणि कुणालाही विचारत नव्हते. फादरांनासुद्धा नाही. लहानपणी चर्चमध्ये शिकवलेलं मला पाठ होतं. देह मातीत जातो, पण प्रभूनं आपल्यासाठी त्याच्याजवळ जागा करून ठेवलेली आहे, आणि तिथे पोचलेल्याला पुन्हा मरण नाही. आईवडील गेले तेव्हा याच विश्वासानं मला सावरलं होतं. इनासदादाच्या बाबतीत मात्र तोच विश्वास मला टोचत राहिला. जागा केलेली असेल, पण हा माणूस तिथे जायलाच नको म्हणत असेल तर काय? आणि तो तिथे नसेल, तर मी जाऊन आनंदात कशी राहणार? प्रार्थनेला बसले की हेच मनात येई आणि मी अर्ध्यातून उठे.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमचं माहेर रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या गावात, जिथे आमचं चर्च आहे. मी लग्न होऊन अलीकडे, चौलला आले. दादा तरुणपणीच जहाजावर स्वयंपाकी म्हणून लागला. तो समुद्रावर असताना त्याची बायको आग्नेस बाळंतपणात गेली, बाळही गेलं. दादाला कळलं तेव्हा दफन होऊन गेलं होतं. तो गावी आला, कबरीपाशी उभा राहिला आणि तिथून सरळ बंदरावर परत गेला. त्यानंतर तो चर्चची पायरी चढला नाही. घरात मिस्सेचा, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचा, विषय निघाला की तो अंगणात जाई. जानेवारीत त्याचं यकृताचं दुखणं निघालं, फार पुढे गेलेलं. त्याला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी त्याला माझ्या घरी आणलं.

मी शाळेचं कार्यालय सांभाळते. बावीस वर्षं हजेरी, दाखले, वेळापत्रकं यांतच गेली, त्यामुळे घरातही माझं काम यादीवरच चालतं. दादासाठी मी एक मोठी वही केली. औषध कधी दिलं, पाणी किती प्यायला, लघवी किती झाली, दुखणं वाढलं कधी, सगळं वेळ घालून लिहायचं. दुसऱ्या वहीत माझी कामं. त्या वहीत डॉक्टर, ऑक्सिजनवाला, पलंग भाड्यानं देणारा यांच्या खाली मी "दादा – पापनिवेदन, रुग्णाभ्यंग" असं लिहून ठेवलं होतं, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली आणि आजाऱ्याला पवित्र तेल लावणं. इतर कामांपुढे खुणा होत गेल्या. त्या एका ओळीपुढे होत नव्हती. दादानं एकदा ती वही चाळली आणि मला म्हणाला, "बाय, माझं तारण सतराव्या नंबरावर हाय. सोळावा कपड्यांच्या साबणाचा."

मी म्हटलं, "मग पहिल्या नंबरावर घेऊ का? फादरांना बोलावते."

"साबण आण आधी," तो म्हणाला.

मी त्याच्याशी स्वर्गाबद्दल बोलायचा प्रयत्न करी. तिथे आग्नेस असेल, असंही एकदा म्हणाले. त्यानं छताकडे पाहिलं. मग म्हणाला, "समुद्रात फिरलो तितकी वर्षं वर बघितलं. तिकडं कुणी राहतंय असं एकदा पण दिसलं न्हाय." त्यानंतर मी तो विषय काढला नाही. पण एक गोष्ट गुपचूप करून ठेवली. आमच्यात माणूस जायला आला की त्याच्या उशाशी लहान टेबलावर पांढरं कापड घालतात, क्रूस ठेवतात, आशीर्वादित पाणी ठेवतात, आणि फेब्रुवारीत चर्चमध्ये आशीर्वाद मिळालेली मेणबत्ती पेटवून त्याच्या हातात देतात. हातात बळ नसेल तर जवळचं माणूस आपल्या हातानं तो हात धरतं आणि शेवटच्या श्वासापर्यंत येशूचं नाव त्याच्या कानात घेतं. हे सगळं सामान मी एका प्लास्टिकच्या पेटीत भरून, वर चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवलं होतं. ऐनवेळी शोधाशोध नको म्हणून.

मे महिन्यातला पहिला शुक्रवार होता. शाळेला सुट्टी होती. माझे यजमान मुलीकडे पुण्याला गेले होते. दादाजवळ दिवसा बसणाऱ्या मावशीचा पहाटे फोन आला, लेक अडली आहे, मी अलिबागला दवाखान्यात चालले, बदली बाई पाठवते. साडेसहाला जी बाई दारात आली तिला मी कधी पाहिलं नव्हतं. तिशीची असेल. नागावहून आली होती. नाव शीला. रुग्णाजवळ बसायचं काम तिनं कधी केलं नव्हतं. एका घरगुती खानावळीत ती पोळ्या लाटायची. मला राग आला, पण वेळ नव्हता. मी तिला एकच प्रश्न विचारला. "लिहिता येतं का?"

"बारावी हाय मी," ती म्हणाली.

"मग ही वही. प्रत्येक गोष्ट वेळ घालून लिहायची. लहानसहान असली तरी."

आमची नेहमीची मावशी फार मायेची, पण तिला अक्षरओळख नाही, कानानंही कमी ऐकू येतं. तिची वही मीच संध्याकाळी विचारून विचारून भरत असे. हे मी आता मुद्दाम लिहिते, कारण त्या सकाळी मला ते सुचलं नव्हतं.

साडेसातला मी दादाचं तोंड पुसायला गेले तेव्हा तो जागा होता. रात्रीतून त्याचा चेहरा बदलला होता, नाक टोकदार दिसत होतं. त्यानं माझं मनगट धरलं. पकड कसली, नुसता हात ठेवला. म्हणाला, "फादरला बोलाव."

मी विचारलं, "खरंच?"

"यादी आण, खूण करतो," तो म्हणाला. त्याच्या ओठांना कोरड पडली होती आणि त्या ओठांनी तो हसायचा प्रयत्न करत होता.

मी फादरांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. चर्चची देखभाल करणाऱ्या माणसानं सांगितलं की पहिला शुक्रवार म्हणून फादर मुरूडच्या रस्त्यावरच्या वाडीत मिस्सेला गेलेत, मिस्सा होईपर्यंत फोन बंदच राहील, नंतर ते तसेच पुढे आजाऱ्यांच्या घरी जातील. म्हणजे मिस्सा संपायच्या आत गाठलं नाही तर दुपारपर्यंत ते सापडणार नव्हते. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "दुपारची खात्री मी देणार नाही." मी स्कूटरची चावी घेतली, कपाटातून पेटी काढून पुढे पायांत ठेवली, कारण फादर बाहेरगावाहून थेट निघणार, त्यांच्याकडे सगळं असेल की नाही कोण जाणे. शीलाला सांगितलं, फोन जवळ ठेव. आणि निघाले.

रेवदंड्यात बाजाराच्या गर्दीतून बाहेर पडायलाच वेळ गेला. खाडीपुलावर डागडुजी चालली होती, एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडत होते. सुट्टीचे पर्यटक, मासळीचे टेम्पो, सगळे थांबलेले. मी झेंडेवाल्यापाशी जाऊन सांगितलं, घरी माणूस जातंय. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि स्कूटर कडेनं सोडली. वाडीत पोचले तेव्हा मिस्सेचा शेवटचा आशीर्वाद चालला होता. फादर वेदीवरून उतरले, माझा चेहरा पाहिला आणि झगा काढता काढताच विचारलं, "इनास?"

"त्यानं स्वतः बोलावलंय," मी म्हटलं.

आमचे फादर वसईकडचे. दोन वर्षांत ते तीनदा दादाला भेटून गेले होते, तीनही वेळा दादानं त्यांच्याशी फक्त मासळीबद्दल गप्पा मारल्या होत्या. त्यांनी लगेच तेलाची डबी आणि ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, बरोबर घेतलं, मोटारसायकल काढली. सव्वानऊ झाले होते. माझ्या हिशेबानं आम्ही दहाच्या आत चौलला असायला हवं होतं.

पुलाच्या अलीकडे अर्धा किलोमीटर गाड्या उभ्या होत्या. इंजिनं बंद करून लोक खाली उतरले होते. पुलाच्या मध्यावर एक लांब ट्रेलर वळवताना आडवा अडकला होता, त्याचा मागचा भाग एका बाजूच्या कठड्याला टेकला होता. मोटारसायकलसुद्धा जाणार नाही, असं लोक म्हणाले. मी तरी हॉर्न वाजवत पुढे घुसत राहिले. एक टेम्पोवाला म्हणाला, "बाई, हॉर्ननं ट्रेलर उडणार न्हाय." आम्ही अर्धा तास थांबलो. क्रेन येतेय, असं पाच जणांनी पाच वेळा सांगितलं. मी शीलाला फोन केला, तिनं उचलला. "जागे हायत," ती म्हणाली, "विचारतात, बाय कुठवर आली." मी सांगितलं, पुलावर. मागून दादाचा काहीतरी आवाज आला, मला शब्द कळले नाहीत. त्यानंतर मी दर पाच मिनिटांनी फोन लावला आणि एकदाही उचलला गेला नाही.

तेव्हा मला पेटी आठवली. ती माझ्या पायांत होती. मेणबत्ती, क्रूस, पाणी, कापड, सगळं माझ्याजवळ, खाडीच्या चुकीच्या बाजूला. कपाटात ठेवलं असतं तर निदान ते त्याच्या उशाशी लागलं असतं. घरात एक परकी बाई, जिला आमच्यातलं काही माहीत नाही, आणि एक माणूस, ज्यानं तीस वर्षांनी एक गोष्ट मागितली होती. ऐनवेळी घोटाळा नको म्हणून मी जे जे बांधून ठेवलं होतं, ते मीच त्याच्यापासून लांब आणलं होतं.  मी फादरांना म्हटलं, "फादर, तो असाच गेला तर?"

 फादरांनी मोटारसायकल रस्त्याकडेला लावली, किल्ली काढली आणि म्हणाले, "चालता येईल ना?"

आम्ही चाललो. मी स्कूटर तिथेच सोडली, पेटी कमरेवर घेतली, फादरांनी छातीशी हात धरला होता, कारण ख्रिस्तशरीर तिथे होतं. ट्रेलरच्या चाकाच्या आणि कठड्याच्या मधून आडवं होऊन जावं लागलं. खाली भरतीचं पाणी खांबांना धडकत होतं. मी तेव्हा प्रार्थना करत नव्हते, हे मला कबूल केलं पाहिजे. मी देवाला सूचना देत होते. त्याला अजून धर, वीस मिनिटं धर, रिक्षा मिळू दे, फोन उचलू दे. आणि पूल संपायच्या सुमारास माझ्याकडे सूचनाही उरल्या नाहीत. मला इतकंच म्हणता आलं, मी पोचू शकत नाही, तू जा. हे मी मोठ्यानं म्हटलं असावं, कारण फादरांनी वळून पाहिलं.

पलीकडे रिक्षा मिळाली. घरात शिरलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते.

दादा गेलेला होता. शीला त्याच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसली होती. तिच्या उजव्या हातात दादाचा हात आणि त्या दोन हातांमध्ये एक मेणबत्ती, अगदी खाली येऊन पोचलेली. मेण तिच्या बोटांवरून ओघळून गोठलं होतं. फोन खिडकीत वाजून वाजून गप्प झाला होता. आम्हाला पाहून ती उठली नाही. म्हणाली, "ताई, आता सोडू का हात? ते म्हणाले व्हते, ती येईपर्यंत सोडू नको. म्हणजे तुम्ही येईपर्यंत."

"कधी?" मी विचारलं.

"वीस मिनटं झाली. तरास न्हाय झाला. दिवा कमी करतात ना, तसं झालं." मग तिनं फादरांकडे पाहिलं, घाबरून. "तुमच्यातली मेणबत्ती लागते म्हणाले. कपाटात ताईंची पेटी हाय म्हणाले, ती न्हाय सापडली. मग ही लाईट जाते तेव्हाची घेतली, सैपाकघरातली. चालते ना?"

फादर म्हणाले, "चालते, बाळा."

मी तिच्या हातातून दादाचा हात घेतला. अजून ऊब होती. फादरांनी गळ्यात विधीचा पट्टा घातला. प्राण नेमका कुठल्या क्षणी जातो हे माणसाला ठाऊक नसतं, म्हणून अशा वेळी देतात तसा त्यांनी अभ्यंग दिला, कपाळाला आणि हातांना तेल लावलं. मी गुडघे टेकले. मला एकच दिसत होतं, आम्ही उशिरा पोचलो. त्यानं आयुष्यभर लावलेलं दार एका सकाळी उघडलं आणि मी पुलावर होते.

प्रार्थना झाल्यावर शीलानं वही माझ्यापुढे धरली. "तुम्ही म्हणाल्या व्हत्या सगळं लिही. मी लिवलंय."

मी सवयीनं वाचायला लागले. नऊ चाळीस, पाणी दोन चमचे. दहा पाच, पाठीला उशी लावली. दहा पंधरा, ताईंचा फोन. दहा वीसच्या पुढे मात्र औषध नव्हतं, पाणी नव्हतं. सहा-सात ओळी होत्या. त्या मी जशा आहेत तशा इथे उतरवते.

"येशू, मी इनास. बरीच वर्षं आलो न्हाय. तुझ्यावर रागावलो व्हतो. राग गेला का ते मला म्हाईत न्हाय, पण मी येतो. जे वाईट केलं ते तुला म्हाईत हाय, मला सगळं बोलायला दम न्हाय. माफ कर. आग्नेस आन् पोर तुझ्याकडं असतील तर त्यांना सांग. मला दुसरं घर न्हाय. दार लावू नको."

आणि खाली तिच्या नेहमीच्या ओळी. दहा पस्तीस, मेणबत्ती पेटवली. अकरा, बोलणं बंद. अकरा वीस.

शीलानं सांगितलं ते असं. मी पुलावर आहे हे कळल्यावर दादा म्हणाला, ती न्हाय पोचत. मग त्यानं तिला विचारलं, तुला प्रार्थना येते का. ती म्हणाली, आम्ही बौद्ध, आमची वंदना येते, तुमची न्हाय येत. दादा म्हणाला, मग मी सांगतो ती लिहून घे, माझा आवाज गेला की तू माझ्या कानात वाच. एकेका ओळीला तो थांबत होता. "मी विचारलं, मोठ्यानं वाचू का हळू," ती म्हणाली. "तर म्हणाले, हळूच वाच, तो बहिरा न्हाय." आवाज गेल्यावर तिनं ते वाचलं, एकदा, दोनदा, मग किती वेळा ते तिला सांगता येईना. फोन वाजत होता, पण एका हातात हात आणि मांडीवर वही, ती उठली नाही. "माझा बाप गेला तेव्हा मी नव्हते जवळ," एवढं ती म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं.

फादरांनी वही मागितली. उभ्यानं वाचली, पहिल्यापासून पुन्हा वाचली. मी त्यांना विचारलं, "फादर, उशीर झाला ना?"

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "मला झाला, तुम्हाला झाला. पण तो ज्याच्याशी बोलत होता, तो कुठे अडकला नव्हता."

दादाचं दफन दुसऱ्या दिवशी माहेरच्या गावात, आग्नेसच्या शेजारी झालं. फादरांनी प्रवचनात वहीचा उल्लेख केला नाही आणि मला ते बरं वाटलं. लोक विचारतात तेव्हा मी चमत्कार झाला असं म्हणत नाही. मावशीची लेक अडली, बदली बाई आली, तिला लिहिता येत होतं, तिला कानानं ऐकू येत होतं, आणि मी जी पेटी नेली ती नसल्यानं काही अडलं नाही. यातली कुठलीही गोष्ट मी ठरवली नव्हती. मी जे ठरवलं होतं ते सगळं पुलावर उभं होतं. मी अजून याद्या करते, शाळा त्याशिवाय चालत नाही. पण कोण प्रभूजवळ पोचेल आणि कसा, हे काम माझ्या वहीतलं नव्हतंच. ते ज्याचं आहे त्यानं ते माझ्या घरात, माझ्या गैरहजेरीत केलं. हे समजायला मला पन्नास वर्षं लागली.

सातव्या दिवसाच्या मिस्सेला शीला नागावहून आली, दोन रिक्षा बदलून. सगळ्यांत मागच्या बाकावर बसली, लोक उभे राहिले की उभी राहायची, बसले की बसायची. मिस्सा झाल्यावर आम्ही दोघी दादाच्या कबरीपाशी गेलो. मातीवरची फुलं उन्हानं काळवंडली होती. तिनं ती वेचून बाजूला केली. मग तिनं विचारलं, "ताई, ते पोचले असतील ना?"

त्या आधीच्या आठवड्यात कुणी हा प्रश्न केला असता तर मी शिकवणीतले मुद्दे सांगितले असते आणि मनातून हादरून गेले असते. त्या दिवशी मला मुद्दे आठवले नाहीत, भीतीही वाटली नाही. मी तिचा हात धरला. बोटांवर मेणानं भाजल्याचे डाग अजून लालसर होते.

"व्हय," मी म्हटलं, "पोचला."